पहिला गोल मुलीचा

कुकुता,
४ एप्रिल २०१९

चि. नुबिया हीस थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद आणि त्यांच्या पाठोपाठ एक तक्रार. वि. वि.

यूलिमार सुखरूप पोचली हे तुला चेपाबाईने सांगितलंच असेल. तुमच्याकडे वीज नाही, फोन लागत नाही, त्यामुळे या वयात मला पुन्हा कागद-पेन घेऊन बसावं लागतंय. चेपा सरहद्दीच्या नदीतून कॉफीच्या पुड्या इकडे कोलंबियात आणते, जाताना पत्रं नेते. पूल बंद करून मोठ्या माणसांनी काय मिळवलं देव जाणे, चेपाचे पाय मात्र कायमचे ओले झाले.

तुझी लेक गुणी आहे. विकायच्या पास्तेलांचं पीठ मळते, सारण भरून तळू लागते, भांडी घासते, विचारलं तर उत्तर देते. पण घराबाहेर पाऊल टाकत नाही. एकदाच पाव आणायला पाठवली. तिचं बोलणं ऐकून बेकरीवालीने नाक मुरडून म्हटलं की आली आणखी एक वेनेका. इकडे तुमच्याकडून आलेल्यांना हेच नाव पडलंय आणि ते कुणी प्रेमाने घेत नाही. पोरगी पावाशिवाय परत आली आणि डोकं दुखतंय म्हणून निजली. मी तडक बेकरीत गेले आणि त्या बाईला आठवण करून दिली की तिचा बाप तुमच्याकडे पंचवीस वर्षं गवंडीकाम करून आला म्हणून आज तिच्या डोक्यावर छप्पर आहे. भांडण मी जिंकलं, पण पोरीला त्याचा काय उपयोग?

ती सारखं एकच सांगते की आईने डिसेंबरपर्यंत राहा म्हटलंय, मन रमलं नाही तर परत बोलावणार आहे. असा शब्द का दिलास गं? ही राहायला आलेलीच नाही, डिसेंबरची वाट बघायला आलीय. तिकडे शाळेत मास्तर नाहीत, दवाखान्यात गोळी नाही. परत येऊन ती करणार काय?

तुझी सासू माझ्याशी कधी धड बोलली नाही, तरी अंथरुणावरच्या माणसावर राग धरू नये म्हणून तिला नमस्कार सांग. लोभ आहेच, सल्ला असला तर तोही पाठव.

तुझी,
ओतिलिया

रुबियो,
१७ एप्रिल २०१९

ती. ताईस सा. न. वि. वि.

शब्द दिला नसता तर यूलीने नदीत पायच घातला नसता. इथून निघताना तिने दाराची चौकट अशी धरली होती की मला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. तेव्हा जे तोंडाला आलं ते बोलले. तिला वाटतं, शब्द तिच्यासाठी दिला. खरं सांगू? रात्री डोळा लागावा म्हणून तो मलाही हवा असतो. पण ताई, तू माझं हे ऐकू नकोस. तिचा गणिताचा मास्तर पेरूला गेला, विज्ञानाची बाई चिलीला. तिच्या वयाच्या मुली इथे पाण्याच्या रांगेत दिवस काढतात. डिसेंबरात ती परत आली तर मला आनंद होईल आणि तिचं नुकसान होईल. तेव्हा तिचं मन तिकडे रमव. कसं ते मला विचारू नकोस, थोरली तू आहेस.

दुसरं, चेपा सांगत होती की तू तिला तुमच्या त्या पापडासारख्या आरेपा वाढतेस. अगं, मक्याच्या पिठाची असली तरी आरेपा जाड असते. तिचं पोट चिरून आत चीज भरायचं असतं. मीही कुकुताचीच, पण इकडे येऊन हे शिकले. तू तीस वर्षं शिकायला तयार नाहीस.

एक गोष्ट ध्यानात ठेव. ही इथे मुलींच्या संघात खेळायची. बेसबॉलच, पण दांडक्याऐवजी पाय. चेंडू लाथेने उडवायचा आणि चारही कोपऱ्यांना पाय लावून फेरी पुरी करायची. तुमच्याकडे तो खेळ नाही, मला माहीत आहे. पण चेंडू दिसला की माझी पोर वेगळीच होते.

सासूबाईंना नमस्कार सांगितला. त्या म्हणाल्या की ओतिलियाला आता सुचलं होय. लोभ करतेसच, थोडा आरेपांच्या जाडीतही दिसू दे.

तुझी,
नुबिया

कुकुता,
२० मे २०१९

ती. आईस सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे, आणि मावशी तिखटमीठ लावून कळवण्याआधी मीच सांगते.

मावशीचा गुडघा अचानक दुखायला लागला. टोपली उचलवत नाही म्हणाली, मैदानापर्यंत नेऊन दे. (गुडघ्याला काहीही झालेलं नाही. त्याच संध्याकाळी ती स्टुलावर चढून दिवा बदलत होती.) चर्चच्या मागे सिमेंटचं मैदान आहे. तिथे ती पास्तेल विकते आणि मुलं फुटबॉल खेळतात. एदिल्बेर्तो सर हे सगळं चालवतात, एरवी शाळेत भूगोल शिकवतात. प्रत्येक संघात इथली आणि आपल्याकडची मुलं मिसळलेली हवीत, मुलगेही आणि मुलीही. पंच नाही, शिट्टी नाही. आधी सगळ्यांनी गोल बसून नियम ठरवायचे, मग खेळायचं, मग पुन्हा बसून कोण कसं वागलं ते बोलायचं. त्या वागण्याचेही गुण असतात, त्यामुळे जास्त गोल मारणारा संघ कधीकधी हरतो. आणि एक नियम सरांचा, तो कुणाला बदलता येत नाही. पहिला गोल मुलीनेच करायचा. तोपर्यंत मुलग्यांनी कितीही मारले तरी धरत नाहीत. एरवी मुलींना पास न देणारे मुलगे सुरुवातीला काय लाडीगोडी लावतात, तू बघायला हवंस.

मी कठड्यापाशी उभी होते. चेंडू घरंगळत माझ्या पायाशी आला. आई, मला राहवलं नाही. मी असा मारला की तो पाद्रीबाबांच्या कोंबड्यांत जाऊन पडला. तिथेच थांबायचं होतं, पण पाय ऐकेनात. मी मैदानाचे चारही कोपरे धावून आले आणि दोन्ही हात वर करून उभी राहिले. सगळे असे हसले की मला वाटलं, नदी ओलांडून आजच्या आज घरी यावं. पण आपल्याकडची दोघंतिघं टाळ्या वाजवत होती, कारण मी काय केलं ते त्यांनाच कळलं होतं. त्यांनी बाकीच्यांना समजावून सांगितलं. मग बेकरीवाल्याची शिर्ले माझ्याकडे आली आणि विचारू लागली की एवढ्या जोरात मारायला शिकवशील का. मी म्हटलं की शिकवते, पण मारल्यावर धावत न सुटायला तू मला शिकव.

मावशी टोपलीमागून सारखी ओरडत असते, कोण ढकलतंय, कोण उगाच लोळतंय. काल सरांनी तिला सांगितलं की बाई, एवढं दिसतं तर तुम्हीच आमच्या मध्यस्थ व्हा. मावशी म्हणाली की तिचा तेलाचा धंदा आहे, पोरखेळाला वेळ नाही. आज ती इस्त्रीचा एप्रन बांधून आली.

डिसेंबर मी विसरलेले नाही. आजीचा पापा घे. माझ्या वाट्याचा लोभ कुणाला देऊन टाकू नकोस, मी येते आहे.

तुझी,
यूली

कुकुता,
२९ जून २०१९

चि. नुबिया हीस अ. आ. वि. वि.

पायी जाणाऱ्यांसाठी पूल उघडला, म्हणजे हे पत्र तुला कोरडं मिळेल.

तुला कळलंच असेल की मी आता मध्यस्थ आहे. हसू नकोस. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा फुटबॉल आहे की लग्नाची बैठक? अर्धा वेळ बोलणी, अर्धा वेळ रुसवेफुगवे. पण सांगू का, या गल्लीत माझ्याइतकं दुसऱ्याच्या चुका बघायचं काम कुणी केलेलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यासाठी कुणीतरी मला हात जोडून बोलावतंय.

आता माझी फजिती ऐक, नाहीतर यूली लिहीलच. मुलांनी बैठकीत ठरवलं की मैदानात कुणी वेनेको, वेनेका म्हटलं तर ऐकणाऱ्याने हात वर करायचा, म्हणणाऱ्याने सामना संपेपर्यंत बाहेर बसायचं, चेंडू दुसऱ्या संघाचा, आणि शेवटच्या बैठकीत ज्याला म्हटलं त्याच्या तोंडाकडे बघून माफी मागायची. मी मोठ्या ऐटीत मान डोलावली. आणि दुसऱ्याच दिवशी तुमच्याकडच्या एका टोणग्याने माझ्या तेलाच्या कढईत चेंडू घातला. नुबिया, माझ्या तोंडून तो शब्द गेला. मी सख्ख्या बहिणीला तिकडे दिलेली बाई, माझ्या तोंडून! हात कुणी वर केला असेल? तुझ्या लेकीने. मी बाहेर बसून माझेच चार पास्तेल खाल्ले आणि नंतर त्या पोराच्या डोळ्यांत बघून माफी मागितली. तो म्हणाला की बाई, कढईचं मला खरंच वाईट वाटतं. आता तो रोज माझी टोपली उचलतो.

आणि मुख्य बातमी. काल आमच्या गल्लीचा सामना होता. मुलग्यांनी पाच गोल मारले, एकही धरला गेला नाही. मग शिर्लेने पास दिला आणि यूलीने मारला. जाळं फाटलं. खरंच फाटलं, सर शिवत बसलेत. मारल्यावर ही जागच्या जागी उभी राहिली, पाय घट्ट रोवून, आणि सगळे तिच्याकडे धावत गेले. मी मध्यस्थ असल्यामुळे मला ओरडता येत नव्हतं. मी एप्रनमध्ये तोंड खुपसून ओरडले.

रात्री जेवताना मात्र पुन्हा म्हणाली की डिसेंबरात आजीला हे खेळून दाखवीन. लोभ वाढतो आहे, पण तो माझा. तिचा अजून तुझ्याच अंगणात आहे.

तुझी,
ओतिलिया

रुबियो,
१४ जुलै २०१९

ती. ताईस सा. न. वि. वि.

कढईचं वाचून सासूबाई इतक्या हसल्या की मला त्यांची पाठ चोळावी लागली. म्हणतात, ओतिलियाला बाहेर बसवणारा नियम तीस वर्षांपूर्वी का नव्हता.

मी जाळ्याचं पान शेजारच्या ग्रासिएलाला वाचून दाखवलं. मग तिच्या जावेला. मग पाण्याच्या रांगेत कुणी विचारलं म्हणून सगळ्यांना. ताई, तू एप्रनमध्ये तोंड खुपसलंस, मला तशी काही बंदी नव्हती, मी रांगेतच रडले. लोकांना वाटलं पाणी संपलं.

शिर्लेचं नाव यूलीच्या मागच्या पत्रात किती वेळा आलं ते मी मोजलं नाही, पण जिकडेतिकडे तेच होतं. हे चांगलं लक्षण. तिच्या आईला माझ्याकडून धन्यवाद सांग आणि जुनं भांडण उकरू नकोस. लोभ असावा, जिभेवर थोडा लगामही.

तुझी,
नुबिया

कुकुता,
२० ऑक्टोबर २०१९

चि. नुबिया हीस अ. आ. वि. वि.

आज थट्टा नाही. जे झालं ते सरळ सांगते.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत मिलेदी नावाची पोरगी आली. ती आणि तिची आई तुमच्याकडच्या वालेन्सियाहून बसने, ट्रकने आणि बरीच वाट पायी आल्या. पंक्चरवाल्याच्या मागच्या खोलीत राहतात. मिलेदी एकावर एक दोन पँटी घालते, कारण वाटेत तिच्या सामानाला पाय फुटले आणि आता अंगावरचं उतरवायला तिला भीती वाटते. सरांनी तिला आमच्या संघात घेतलं. चेंडू आला की पोर डोळे मिटते.

काल पलीकडच्या वस्तीशी सामना होता. जिंकलो असतो तर अंतिम फेरीत गेलो असतो. आमची यूली आता संघाची आवडती, तिच्या गोलावर पैजा लागतात. शेवटी शेवटी बरोबरी होती. यूलीने मिलेदीला पास दिला, तिने डोळे मिटले, चेंडू गेला. आणि यूलीने तो शब्द म्हटला. हळू नाही, मोठ्याने नाही, पण स्पष्ट. वर म्हणाली की या नुकत्या आलेल्यांना काही म्हणजे काही येत नाही.

नुबिया, ते फक्त मिलेदीने ऐकलं आणि मी. दुसरा संघ लांब होता. मिलेदी काही बोलणार नव्हती, तिला ते ऐकायची सवय झालेली दिसली. मी खाली बघितलं असतं तर गोष्ट तिथेच विरली असती. मला खाली बघायचंच होतं. ही पोरगी दाराबाहेर पडावी म्हणून मी खोटा गुडघा दुखवून घेतला होता. तिला माझ्याच हाताने बाहेर काढायचं? पण त्या पोरीने दोन पँटींच्या खिशांत दोन्ही हात घातले आणि ती खाली बघायला लागली. मग मी हात वर केला.

यूली बाहेर गेली. चेंडू त्यांचा झाला, त्यांनी गोल केला, आम्ही हरलो. बैठकीत माफी मागायची होती, ती न थांबता घरी निघून गेली. माझ्याशी बोलत नाही. शिर्लेसुद्धा माझ्यावर चिडली आहे, म्हणते की बाईंना ऐकू कमी येत असतं तर बरं झालं असतं. मिलेदी आज मैदानात आली नाही. आणि तुझ्या लेकीने पिशवी भरून दाराशी ठेवली आहे, चेपा पुढच्या खेपेला आली की तिच्याबरोबर निघणार म्हणते. आपण सगळ्यांनी जे कमावलं ते माझ्या एका हातवाऱ्याने गेलं की काय, या विचाराने माझी झोप उडाली आहे. मी चुकले का ते तू सांग.

तुझी,
ओतिलिया

कुकुता,
२२ ऑक्टोबर

ती. आईस सा. न.

मला घरी यायचं आहे. डिसेंबरपर्यंत थांबायचं नाही. मावशीने लिहिलं असेल, ते खरं आहे.

मी तो शब्द का बोलले ते सांगते, म्हणजे तू दुसऱ्या कुणाला विचारणार नाहीस. तिने पास सोडला तेव्हा पलीकडची मुलं हसली. मला वाटलं, ती आम्हा दोघींना हसताहेत, कारण आम्ही दोघी तिकडच्या. मला त्यांना दाखवायचं होतं की मी तिच्यासारखी नाही. तो शब्द तोंडातून गेला तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं, आई. मी इथली झाले असं वाटलं. मग मी तिचा चेहरा बघितला. बेकरीत माझा तसाच झाला असेल.

आता मैदानात जायला मला तोंड नाही. इथे राहून मी अशी होणार असेन तर मला इथे राहायचं नाही. चेपाबरोबर येऊ का, एवढंच कळव.

तुझी,
यूली

रुबियो,
१ नोव्हेंबर २०१९

चि. यूलीस आईचे अनेक आशीर्वाद आणि जवळ घेणं. वि. वि.

ये. दार तुझंच आहे, त्याला माझी परवानगी लागत नाही. तू येणार म्हटल्यावर माझे हात कामाला लागले सुद्धा. तुझी खाट उन्हात टाकली. हे लपवून मी मोठेपणा दाखवणार नाही. मला तू हवी आहेस, सकाळी उठल्यापासून हवी आहेस.

पण एक गोष्ट ऐक. मी लग्न होऊन इकडे आले तेव्हा हे गाव श्रीमंत होतं आणि आम्ही कोलंबियावाले भिकारी, चोर, काय वाट्टेल ते. बाजारात बायका पर्स छातीशी धरायच्या. पण मला सगळ्यांत जास्त कुणी छळलं असेल, तर कुकुताच्याच एका बाईने, आलेस्साबेत तिचं नाव. माझ्याआधी थोडी वर्षं आलेली. ती इकडच्या बायकांत बसून माझ्या बोलण्याची नक्कल करायची आणि सगळ्यांत मोठ्याने हसायची. मला वाटायचं, हिला झालंय काय? आज तुझं पत्र वाचून मला ते कळलं. तिलाही क्षणभर बरं वाटत असेल. फरक इतकाच की तिने ते कधी कुणाला लिहून कळवलं नसणार.

तेव्हा तू वाईट झालीस असं मी मानत नाही. तू इथे आलीस तरी तो चेहरा तुझ्याबरोबर येईल, आणि मिलेदी तिकडे त्या खोलीत राहील. तिच्याकडे आधी जा. दार उघडलं नाही तर पुन्हा जा. मग घरी यायचं असेल तर ताठ मानेने ये, मी पुलावर येऊन तुला नेईन.

मावशीशी बोल. ताई, तू हे पत्र वाचणारच, तुला माहीत असलेलंच सांगते: तू चुकली नाहीस. लोभ दोघींवरही आहे, भांडून कमी होणारा नाही.

तुझी,
आई

कुकुता,
८ डिसेंबर २०१९

ती. आईस सा. न. वि. वि.

काल इथे दिव्यांची रात्र झाली. सगळ्या गल्लीने पायरीपायरीवर मेणबत्त्या लावल्या. मी पंक्चरवाल्याच्या पायरीवरही लावल्या, म्हणून आज लिहायला बसले.

तू सांगितलंस तसं गेले. पहिल्यांदा तिच्या आईने दार उघडलं, मी कोण ते ऐकलं आणि बंद केलं. मी बाहेरून माफी मागितली, पण दाराला मागणं सोपं असतं. दुसऱ्या दिवशी मावशी म्हणाली की रिकाम्या हाताने कुणी जातं का, आणि पास्तेल दिले. तेव्हाही दार उघडलं नाही, पण पास्तेल आत गेले. मग मी रोज मावशीचं काम आटपलं की तिथे जाऊन पायरीवर बसायला लागले. एका संध्याकाळी मिलेदी बाहेर आली. मी तिच्या डोळ्यांत बघून माफी मागितली. मिलेदी म्हणाली की ती चेंडूला घाबरत नाही, वाटेत एका ट्रकवाल्याने त्यांना खाली उतरवून मागून दगड मारले होते, त्यामुळे अंगावर काही आलं की डोळे आपोआप मिटतात. आणि मी तिच्यावर चिडले होते.

आता आम्ही चेंडू जमिनीवरून हळूहळू ढकलतो. आधी पंक्चरवाल्याच्या अंगणात, मग मैदानाच्या कडेला. मैदानात परत गेलो त्या पहिल्या दिवशी मी बैठकीत सगळ्यांसमोर काय बोलले होते ते सांगितलं. पलीकडची मुलंही होती. शिर्ले रडली आणि मावशीच्या गळ्यात पडली. मिलेदी आज एकच पँट घालून आली होती. अजून डोळे मिटते, पण उशिरा मिटते.

आई, आता मुख्य. माझी पिशवी भरलेली आहे, चेपा परवा येणार आहे, आणि मी येत नाही. मला तुझ्याकडे यायचंच आहे, रोज येतं मनात. पण मिलेदी एकटी मैदानापर्यंत चालत जात नाही. मी तिला घ्यायला गेले तरच येते. मी आले तर तिला कोण घेऊन जाणार? बाकीच्यांना सांगून बघितलं, ते चांगले आहेत, पण रोज जातील असं वाटत नाही. आणि जानेवारीत शाळेचं शेवटचं वर्ष सुरू होतं, मी नाव घातलं आहे. तू दिलेला शब्द मी तुला परत करते. तू रागावलीस तर लिही, नाही लिहिलंस तर मला जास्त भीती वाटेल. लोभ आहे ना? असू दे, मला आता जास्त लागतो.

तुझी,
यूली

ता. क. हे मी, ओतिलिया. पोरगी पत्र लिहून दाराशी गेली आणि तिने पिशवीतले कपडे काढून कपाटात लावले. कपाटात जागा नव्हती, म्हणून माझ्या साठ वर्षांच्या चिंध्या फेकून दिल्या. आरेपा आता मी जाड करते, पण हे कुणाला सांगू नकोस.

रुबियो,
१६ डिसेंबर २०१९

चि. यूलीस अ. आ. वि. वि.

रागावले नाही. पत्र वाचलं, मला हवं होतं तेच झालं, आणि मी चुलीपाशी बसून भरपूर रडले. आजीने विचारलं की येतेय का पोर. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या की मग निदान तू तरी रडणं आटप आणि अयाका बांध, नाताळ काही आपल्यासाठी थांबत नाही. मका मिळाला थोडा, गुंडाळायला केळीची पानं ग्रासिएलाने दिली, मांस नाही म्हणून वाटाणे घातले. दर वर्षीसारखी पहिली तुझी बांधली. दुसरी ताईची, ती म्हणेल की तुमच्या अयाकापेक्षा आमचा तमाल बरा, आणि पान चाटेल. मग एक मिलेदीची आणि एक तिच्या आईची, म्हणजे त्या बाईला दार उघडायला निमित्त होईल.

या मी चेपाबरोबर पाठवत नाही. ग्रासिएला रविवारी दिवसभर आजीपाशी बसायला तयार झाली आहे. कधीपासून म्हणत होती, मीच ऐकत नव्हते, कारण मला वाटायचं की मी तिकडे आले तर तू माझ्या पाठोपाठ परत निघशील. आता ती भीती उरली नाही, आणि ती नाही याचं मला सुखही आहे आणि दुःखही, दोन्ही खरं.

सकाळी निघेन, संध्याकाळी परत. तुझा खेळ बघायचा आहे. मी त्याच शहरात जन्मले, पण इतक्या वर्षांत ते किती बदललं असेल, तुमचं ते मैदान कुठे, मला काही माहीत नाही. तेव्हा पुलाच्या तुमच्या टोकाला येऊन उभी राहा आणि मला घरी घेऊन जा. 'तुमच्या टोकाला' असं लिहून गेले, आता खोडत नाही.

लोभ किती आहे ते रविवारी समोरच बघ.

तुझी,
आई